न मोडता घडविलेली माणसे

लहान मुलाच्या हाती एखादे बाहुले आले, की थोड्याच वेळात त्याच्या मनात दोन इच्छा उभ्या राहतात. पहिली, ते बाहुले जसे आहे तसेच घेऊन खेळावे ही. आणि दुसरी, ते आहे त्याहून निराळे व्हावे ही. शिपाई मिळालेल्या मुलाला लौकरच खलाशी हवासा वाटतो. खलाशी मिळालेल्याला वैद्य हवासा वाटतो. आणि वैद्य मिळाला, तर त्याच्याजवळ औषध मागावयास येणारी एखादी म्हातारी कोठून आणावी या विवंचनेत ते मूल पडते. कारखान्यातून येणारे बाहुले एका विशिष्ट माणसाचे रूप घेऊन आलेले असते. मुलाच्या कल्पनेला मात्र सारे गाव हवे असते. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे प्रयत्न खेळण्यांइतकेच जुने आहेत, आणि त्या प्रयत्नांत पुष्कळदा बाहुल्याचा बळी पडत आला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील मुलांच्या हातांत शिशाचे शिपाई असत. लंडनच्या ब्रिटन नावाच्या कुटुंबाने १८९३ साली पोकळ शिपाई ओतण्याची रीत काढली आणि हे शिपाई स्वस्त झाले. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९११ साली मुलांच्या जमिनीवरील खेळांविषयी एक छोटेखानी पुस्तक लिहिले. दुकानांत पाहावे तिकडे शिपाईच शिपाई मिळतात, साधीसुधी नागरी माणसे मात्र मिळत नाहीत, अशी तक्रार त्यांनी त्यात केली आहे. मग हौशी माणसे काय करीत? शिपायाची बंदूक कानशीने घासून काढीत, त्याचे डोके उतरवून दुसऱ्याच्या धडावर काडेपेटीच्या काडीचा आधार देऊन बसवीत, वर रंगाचा एक हात देत, आणि शिपायाचा माळी किंवा टपालवाला बनवीत. माळी तयार होई. परंतु शिपाई कायमचा नाहीसा होई. शिवाय शिशाची पूड बोटांना लागे, आणि शिसे हे विष आहे ही गोष्ट त्या काळच्या घरांतून फारशी ध्यानात घेतली जात नसे.

म्हणजे प्रश्न असा होता: एका बाहुल्याचे दुसरे बाहुले करावयाचे, पण पहिले गमवावयाचे नाही. रूप बदलावे आणि बदललेले रूप हवे तेव्हा मागे घेता यावे. हे कसे साधेल?

याचे एक गमतीदार उत्तर अमेरिकेत मिळाले. जॉर्ज लर्नर नावाच्या संशोधकाने १९४९ च्या सुमारास नाक, कान, डोळे, मिशा असे सुटे अवयव तयार केले. त्यांच्या मागे टोकदार खिळा होता. १९५२ साली हॅसनफेल्ड बंधूंच्या कंपनीने, जी पुढे हॅसब्रो या नावाने प्रसिद्ध झाली तिने, हे खेळणे ‘मिस्टर पोटॅटो हेड’ या नावाने बाजारात आणले. पेटीत फक्त अवयव असत. डोके मात्र घरच्या टोपलीतून आणावयाचे, कारण ते डोके म्हणजे खराखुरा बटाटा! मूल त्यात नाक खुपसी, डोळे बसवी, मिशा लावी, आणि कंटाळा आला की सारे उपटून पुन्हा निराळा चेहरा करी. मात्र प्रत्येक वेळी बटाट्याला नवे भोक पडे, आणि दोनचार दिवसांत बटाटा सुकून जाई. १९६४ पासून पेटीतच प्लॅस्टिकचा बटाटा येऊ लागला. त्याला भोके आधीपासून पाडलेली होती. ही सुधारणा किरकोळ दिसते. पण या साऱ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. जोडाची जागा आधीपासून ठरवून ठेवली, म्हणजे जोडताना इजा करावी लागत नाही.

अर्थात ही कल्पना आपल्याकडे अगदीच अनोळखी आहे असे नाही. भाद्रपदात महाराष्ट्रातील घराघरांतून ज्येष्ठा गौरी येतात. पुष्कळ घरांत गौरीचा मुखवटा वेगळा असतो आणि धड वेगळे असते. कोठे लोखंडी सांगाडा, कोठे कापडाचे धड, तर कोठे धान्याने भरलेले मडके असते. त्यावर मुखवटा बसवितात, साडी नेसवितात, दागिने घालतात. विसर्जन झाले की मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत जातात, साडी घडी होऊन कपाटात जाते, आणि सांगाडा माळ्यावर चढतो. पुढील वर्षी साडीचा रंग निराळा असतो, मुखवटा मात्र तोच असतो. कोणतीही वस्तू न फाडता, न चिकटविता, न ठोकता एक संपूर्ण मूर्ती उभी राहते आणि पुन्हा सुटी होते. पूजा ही पूजा आहे आणि खेळ हा खेळ आहे. त्यांची गल्लत करण्याचे कारण नाही. परंतु ‘जोडावे आणि सोडवावे’ ही रीत ज्यांच्या घरात आजीपासून चालत आली आहे, त्यांना पुढील हकीकत परकी वाटू नये.

ती हकीकत डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावची आहे. तेथे ओले कीर्क क्रिस्त्यान्सेन नावाचा सुतार राहात असे. जागतिक मंदीत घरे बांधून घेणारे गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. १९३४ साली त्याने आपल्या धंद्याला ‘लेगो’ हे नाव दिले. ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते बनविलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लॅस्टिक ओतण्याचे यंत्र आणले आणि १९४९ साली एकमेकींवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा काढल्या. त्या विटा बसत, पण घट्ट धरून राहात नसत. त्याचा मुलगा गॉटफ्रेड याने विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसविण्याची युक्ती योजून २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. वरची गुंडी खालच्या नळीला आणि भिंतीला घासून बसते. तेवढ्या घर्षणानेच वीट धरली जाते, आणि बोटाने ओढली की सुटते. गोंद नाही, खिळा नाही, स्क्रू नाही. १९६३ पासून या विटांसाठी एबीएस नावाचे अधिक टणक व आपले माप न सोडणारे प्लॅस्टिक वापरले जाऊ लागले.

विटांनी घरे बांधली गेली, पण घरांत राहणार कोण? १९७४ साली या कंपनीने मोठ्या आकाराची एक कुटुंबमंडळी काढली. तिची डोकी गोल होती आणि हात वळत. परंतु विटांच्या घरात ती मावेनात. १९७५ साली लहान बाहुली आली. ती घरात मावली, पण तिला ना चेहरा होता, ना हलणारे हातपाय. त्याच सुमारास शेजारच्या जर्मनीत, न्यूरेंबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फ येथे, हान्स बेक यांनी घडविलेली साडेसात सेंटिमीटर उंचीची ‘प्लेमोबिल’ बाहुली १९७४ साली बाजारात आली. तेलाच्या टंचाईने प्लॅस्टिक महाग झालेले असताना, कमी प्लॅस्टिकात अधिक खेळ देणारी वस्तू म्हणून ती यशस्वी झाली. तिचे केस, टोप्या, गळपट्ट्या आणि मनगटपट्ट्या काढून अदलाबदल करता येते.

अखेर १९७८ साली येन्स न्यूगोर क्नुडसेन या लेगोच्या रचनाकाराने आपल्या सहकाऱ्यांसह आजचे सुप्रसिद्ध बाहुले सिद्ध केले. टोपी सोडून त्याची उंची बरोबर चार विटांएवढी, म्हणजे चार सेंटिमीटरच्या आतबाहेर. डोके, धड, दोन हात, दोन पंजे, कंबर, दोन पाय. आणि डोक्यावर केसांचा टोप किंवा टोपी. चेहऱ्यावर फक्त दोन ठिपके आणि एक स्मित. रंग पिवळा, तो मुद्दाम निवडलेला होता, की ज्यायोगे हे बाहुले कोणत्याच एका वंशाचे ठरू नये.

या बाहुल्याची खरी करामत त्याच्या सांध्यांत आहे. मानेचा खुंट डोक्याच्या तळाशी असलेल्या खळग्यात जातो. डोक्याच्या माथ्यावर विटेवर असते तशीच गुंडी असते. तिच्यावर केस वा टोपी बसते. कंबरेवरील दोन खुंट धडाच्या पोकळीत शिरतात. तळपाय विटेच्या गुंड्यांवर घट्ट उभा राहतो. आणि पंजा हा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वळलेला असून त्यात सुमारे ३.२ मिलिमीटर जाडीचा दांडा नेमका धरला जातो. कुदळ असो, तलवार असो, झेंडा असो किंवा झाडू असो, साऱ्यांच्या मुठी याच मापाच्या असतात. म्हणून शेतकऱ्याची कुदळ राजाला धरता येते आणि राजाचा झेंडा शेतकऱ्याला.

आता हिशेब पाहा. दहा बाहुली घेतली, प्रत्येकाचे केस, डोके, धड आणि पाय निरनिराळे असले, तर त्यांतून १०,००० वेगवेगळी माणसे बनू शकतात. परंतु कोणत्याही एका क्षणी टेबलावर उभी राहतात ती दहाच. एकाला टोपी द्यावी तर दुसरा बोडका होतो. एकाला शुभ्र सदरा चढवावा तर दुसऱ्याच्या अंगी धुरकट चिलखत येते. कोणाचे काही तरी घेतल्यावाचून कोणाला काही देता येत नाही. मात्र एकंदरीत काहीच कमी होत नाही. संध्याकाळी साऱ्यांची वस्त्रे ज्याची त्याला परत करता येतात. शिशाच्या शिपायाच्या बाबतीत नेमके हेच शक्य नव्हते.

या अदलाबदलीचा छंद पुढे जगभर पसरला, आणि छंद म्हटला की पंथ आले. एक पंथ सोवळ्यांचा. मूळ कारखान्याने केलेले भाग जसेच्या तसे वापरावयाचे. कापणे नाही, रंगविणे नाही, चिकटविणे नाही. आणि केलेला प्रत्येक बदल मागे घेता आला पाहिजे, असा यांचा दंडक. दुसरा पंथ जरा सैल. इतर लहान कारखान्यांनी याच मापांत केलेली शिरस्त्राणे व हत्यारे यांना चालतात. तिसरा पंथ पूर्ण मोकळा. त्याच्या हातात सुरी असते, कुंचला असतो, मळलेले पुट्टी-लांबण असते, आणि बाहुले हा त्याच्या लेखी केवळ कच्चा माल असतो.

सोवळ्यांचा हट्ट वरवर पाहता कोरडा वाटेल, पण त्यात कसोटी मोठी आहे. समजा, एखाद्याला दीपगृहाचा वृद्ध रखवालदार हवा आहे. तसा तयार मिळत नाही. मग तो सुट्या भागांच्या ढिगात शोधू लागतो. जुन्या किल्ल्यांच्या संचांत जादूगार असतो, त्याची पांढरी दाढी हा निराळा भाग असून ती मानेच्या खुंटात अडकते. ती घेतली. दाढीच्या जाडीमुळे डोके किंचित उंच बसते; मान लांब दिसू नये म्हणून रुंद काठाची टोपी शोधावी लागते. खलाशाचा गर्द निळा अंगरखा, कोळ्याचे साधे पाय, खांद्यावर कोणा सरदाराचा कापडी झगा, पण तो उलटा, म्हणजे शालीसारखा. हातात कंदील. एवढे झाले की जो उभा राहतो तो जादूगारही नसतो, खलाशीही नसतो, सरदारही नसतो. नवा एकही भाग न घडविता एक नवा माणूस जन्माला येतो. येथे हाताचे कसब थोडे आणि नजरेचे कसब फार. दाढीत शाल पाहता आली नाही तरी चालेल, पण झग्यात शाल पाहता आली पाहिजे.

या रीतीला मर्यादाही आहेत, हे सांगितले पाहिजे. तयार भागांच्या ढिगात ज्याचा साचा नाही ते निर्माण होत नाही. नऊवारीचा काष्टा, पुणेरी पगडीचा डौल, वारकऱ्याच्या गळ्यातील वीणा या गोष्टी डॅनिश साच्यांत शोधू गेल्यास हाती निराशा येण्याचाच संभव अधिक. तेथे रंगाने वा पवित्र्याने नुसते सुचवावे लागते. दिवाळीतील किल्ल्यावर मांडावयाचे मातीचे मावळे या बाबतीत श्रीमंत आहेत. त्यांचे मुंडासे आणि कमरबंद कुंभाराने जागच्या जागी घडविलेले असतात. पण त्यांचा हात एकदा तुटला, की तुटला. अचूकपणा आणि बदलाची सोय या दोहोंपैकी एक जास्त घ्यावे तर दुसरे थोडे सोडावे लागते.

न मोडता बदलावयाचे म्हटले, तर हातालाही काही शिस्त लावावी लागते. डोके उतरविताना धड दोन बोटांत धरून डोके किंचित फिरवावे आणि सरळ वर ओढावे. तिरके ओढल्यास मानेचा खुंट दुखावतो. धड कंबरेवरून काढताना पुढेमागे हळू डोलवावे. एका अंगाला वाकविले, तर धडाच्या खालच्या काठाला बारीक चीर जाते, आणि ती चीर पुन्हा भरून येत नाही. पंजा मनगटातून काढावयाचा तर थोडा फिरवीत सरळ ओढावा. दात मात्र कधीही लावू नयेत. दाताची खूण जन्मभर राहते. दंड खांद्यातून निघतात खरे, परंतु कारखान्यात ते धडात दाबून बसविलेले असतात. ते पुनःपुन्हा काढल्यास खोबण सैल होते आणि हात लोंबू लागतो. म्हणून जाणते लोक धड आणि हात मिळून एकच भाग मानतात. पंजात ठरल्या मापाहून जाड वस्तू कोंबू नये. छापलेल्या चेहऱ्यावरून ओरखडणारी वस्तू फिरवू नये. धुवावयाचे झाल्यास पाणी कोमट असावे, चाळीस अंशांहून अधिक तापलेले नसावे. आणि नखांचा रंग काढण्याचे अ‍ॅसिटोन तर जवळसुद्धा आणू नये, कारण एबीएस त्यात विरघळते. उन्हात ठेवलेले पांढरे बाहुले कालांतराने पिवळे पडते, तेव्हा खिडकीची चौकट ही त्याची जागा नव्हे.

स्वतः कारखान्यानेही पुढे ही अदलाबदल मनावर घेतली. अकरा वर्षे सर्व बाहुल्यांना एकच चेहरा पुरला. १९८९ साली चाच्यांचा संच निघाला, तेव्हा प्रथमच निरनिराळे भाव, दाढ्या, डोळ्यावरची पट्टी असे चेहरे आले. त्याबरोबर एका पंजाच्या जागी आकडा आणि एका पायाच्या जागी लाकडी खुंट असलेले बाहुलेही आले. २००१ साली एका डोक्याला पुढेमागे दोन चेहरे छापण्यात आले. केसांचा टोप वा फेटा उचलून डोके अर्धे फिरविले, की माणूस बदले. २००३ पासून प्रत्यक्षातील खेळाडूंची बाहुली करताना पिवळ्याऐवजी मानवी त्वचेचे रंग वापरले जाऊ लागले. २०१० साली सुटी बाहुली पाकिटांतून विकण्यास प्रारंभ झाला. कंपनीच्या दुकानांतून तर डोकी, धडे, पाय आणि केस निरनिराळ्या खणांत मांडून ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक आपल्याला हवी ती माणसे जुळवून घेते. न्यूझीलंडमधील कॅन्टरबरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली १९७५ ते २०१० या काळातील ३,६५५ बाहुल्यांच्या चेहऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हसऱ्या चेहऱ्यांचे प्रमाण कमी होत असून रागीट चेहऱ्यांचे वाढत आहे, असे त्यांना आढळून आले. आईबापांना ही बातमी चिंतेची वाटली असल्यास नवल नाही. परंतु डोके बदलता येत असल्यामुळे घरातील रागावलेला सरदार हसरा करणे हे मुलाच्या हातचे राहते, हेही विसरता कामा नये.

आणि येथेच या लहानशा छंदातील मोठा प्रश्न समोर येतो. बाहुल्यांच्या गावात कोणाला राहावयास मिळते? १९७८ साली जी बाहुली आली, त्यांत स्त्री म्हणून ओळखू यावी अशी होती ती परिचारिका, आणि तीही मुख्यतः केसांच्या टोपामुळे. पुढे कित्येक वर्षे पुरुष बाहुल्यांचीच संख्या फार मोठी राहिली. २०१४ च्या आरंभी एका सात वर्षांच्या मुलीने कंपनीला पत्र लिहिले. मुलींची बाहुली घरी बसतात, दुकानात जातात. मुलांची मात्र साहसे करतात, नोकऱ्या करतात, असा तिच्या तक्रारीचा आशय होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एका स्त्री-शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून, जीवाश्मतज्ज्ञ, खगोलशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ अशा तीन स्त्रियांचा संच निघाला. २०१६ च्या जानेवारीत न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या तरुणाचे बाहुले प्रथम दिसले; त्याआधी इंग्लंडमधील पालकांनी आपल्या अपंग मुलांसारखी खेळणी हवीत म्हणून चळवळ केली होती.

परंतु ज्या घरांत अदलाबदल चालत होती, तेथे कारखान्याच्या या निर्णयांची वाट पाहावी लागली नाही. परिचारिकेचे केस काढून अंतराळवीराच्या पोशाखावर बसविण्यास कोणाची परवानगी लागत नाही. चाच्याचा खुंटाचा पाय शिक्षकाला लावला, की लंगडा शिक्षक वर्गावर जातो. आजोबांसारखा दिसणारा, बहिणीसारखी दिसणारी, शेजारच्या मुलासारखा दिसणारा माणूस मुले स्वतःच जुळवितात. जे जग मोठ्यांनी अपुरे बनवून दिले, ते मुलांनी न तोडता पुरे करून घ्यावे, ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

मोकळ्या पंथाचे लोक यावर आक्षेप घेतील. ते म्हणतील, खेळणे हे खेळण्यासाठी आहे. ते काचेच्या कपाटात जपावयाची वस्तू आहे काय? सुरी आणि कुंचला हाती घेतल्यावाचून खरी निर्मिती होईल काय? या म्हणण्यात तथ्य आहे. दुकानात पुन्हा मिळणारे, स्वतःच्या पैशाने आणलेले बाहुले कोणी कापले, तर त्यात अपराध नाही. पुष्कळ सुंदर कामे अशीच झाली आहेत. परंतु जे बाहुले मोठ्या भावाचे होते, जे आईच्या लहानपणापासून घरात आहे, जे आज कोठेच मिळत नाही, त्याच्यावर सुरी चालविताना केवळ आपल्या इच्छेचा विचार पुरेसा नाही. त्या वस्तूत आणखी कोणाचा तरी वाटा असतो, आणि कधी कधी तो वाटा अजून न जन्मलेल्या मुलाचा असतो. संग्रहालयांतून जुनी चित्रे आणि मूर्ती दुरुस्त करणारे तज्ज्ञसुद्धा शक्यतो असेच काम करतात, की पुढील पिढीला ते उलगडता यावे. कारण आपले आजचे मत उद्याही तेच राहील, अशी खात्री कोणी द्यावी?

याला जोडूनच प्रामाणिकपणाचा एक मुद्दा आहे. जुन्या बाहुल्यांना आज संग्राहकांच्या बाजारात चांगली किंमत येते. अदलाबदल इतकी बेमालूम होते, की तीस वर्षांपूर्वीच्या धडावर कालचे पंजे बसविलेले सहसा ओळखू येत नाहीत. तसे बाहुले मूळचे म्हणून विकणे ही फसवणूक होय. म्हणून काळजी घेणारे छंदिष्ट एक साधा नेम पाळतात. काढलेला प्रत्येक भाग लहान पाकिटात घालून त्यावर कोणत्या बाहुल्याचा तो आहे हे लिहून ठेवतात, आणि बाहुले दुसऱ्याला देताना काय बदलले आहे ते सांगतात. बदल करण्याचा अधिकार आणि बदल सांगण्याचे कर्तव्य, ही दोन्ही त्यांनी एकाच गाठीत बांधली आहेत.

प्लॅस्टिकचा प्रश्नही येथे आहेच. ही वस्तू कुजत नाही, आणि फेकून दिली तर पृथ्वीवर कोठे तरी पडून राहतेच. तेव्हा ती जितक्या अधिक हातांतून जाईल तितके बरे. १९५८ नंतरची वीट आजच्या विटेवर बसते, आणि १९७८ चा पिवळा चेहरा आजच्या धडावर. ज्या बाहुल्याचे पाय हरवले ते टाकून न देता दुसऱ्याचे पाय लावून उभे करता येते. वापरलेल्या विटा गोळा करून, स्वच्छ करून दुसऱ्या मुलांना देण्याची एक योजना कंपनीने २०१९ साली अमेरिकेत सुरू केली. आपल्याकडे तर मोठ्या भावंडाची खेळणी धाकट्याकडे जाण्यास योजनेची गरज कधी पडली नाही. गरज होती ती एवढीच, की धाकट्याच्या हाती पोचेपर्यंत ती शाबूत असावीत.

ज्यांच्या घरात अशी बाहुली आहेत, त्यांनी मुलाला एक खणाखणांची पेटी द्यावी: एका खणात डोकी, एकात धडे, एकात पाय, एकात केस आणि टोप्या. सांधा कसा सोडवावा आणि कसा बसवावा, हे एकदा हात धरून दाखवावे. मग बाजूला व्हावे. पोलिसाला स्वयंपाकिणीची टोपी चढली, किंवा राजाच्या हातात झाडू आला, तर ‘हे असे नसते’ म्हणून सुधारावयास जाऊ नये. एवढेच सांगावे, की जे ज्याचे घेतले, ते मागितल्यावर त्याला परत देता आले पाहिजे. ही अट मुलाला समजली आणि त्याच्या बोटांत मुरली, की पुढे घड्याळ उघडताना, पुस्तक हाताळताना, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना ती त्याच्या उपयोगी पडेल.